आप्पांचे इअरबड्स आणि दर दोन-तीन दिवसांनी "ऐकू येत न्हाई" : काय काय तपासायचं

दोन दिवस मस्त चालतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला हाक येते, "आरं, ह्यातनं काय ऐकू येत न्हाई बघ." आमच्याकडे हे जवळजवळ चार महिने चाललं होतं. ज्यांच्या घरी आई-वडिलांना श्रवणयंत्राऐवजी इअरबड्स लावून दिलेत त्यांना हे वाक्य पाठ असणार, म्हणून आमचं काय काय चुकत होतं ते सविस्तर लिहितोय.

मी काय करायचो, तर प्रत्येक वेळी एकच औषध. बड्स डबीत टाक, चार्जिंगला लाव, फोनमधून "फर्गेट धिस डिव्हाइस" कर, डबीचं बटण दाबून रीसेट मार, परत जोड. आणि गंमत म्हणजे त्याने कधीकधी चालू व्हायचंही! त्यामुळे मला वाटत राहिलं की बड्समध्येच काहीतरी लोचा आहे. तो नव्हता. आप्पा पाच-सहा वेगवेगळ्या त्रासांना एकच वाक्य वापरत होते, "ऐकू येत न्हाई", आणि मी ते एकच वाक्य ऐकून एकच उपाय करत होतो. शेवटी बायको म्हणाली की अहो त्यांना नीट विचारा तरी, ऐकू येत नाही म्हणजे नेमकं कसं येत नाही. मग एक वही केली. तारीख, वेळ, आप्पा कुठे बसले होते, आणि त्यांच्या शब्दात तक्रार काय. तीन आठवड्यात सगळं उलगडलं.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आप्पा इचलकरंजीत एकतीस वर्षं मागावर होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये जे कधी उभे राहिलेत त्यांना माहिती आहे, तिथे माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. अशा आवाजाने जो कान जातो तो आधी वरच्या पट्टीत जातो, ४००० हर्ट्झच्या आसपास, आणि वर वयाचं वेगळंच. ऑडिओमेट्री, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो ती तपासणी, केली (आकडा जेवढा मोठा तेवढा कान जास्त गेलेला), तेव्हा उजव्या कानाचे आकडे ५०० ला २०, १००० ला २५, २००० ला ४० आणि ४००० ला ५५ डेसिबल. डावा जास्त गेलाय, ३०, ४०, ५५, ७०. चारांची सरासरी काढली तर उजवा ३५ आणि डावा ४९ च्या जवळ, म्हणजे दोन्ही मध्यम गटात, डावा अगदी वरच्या काठावर. दोन कानांत एवढा फरक का म्हणून कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी पडदा वगैरे सगळं बघून घेतलं, काही वेगळं निघालं नाही. श्रवणयंत्राचं नाव काढलं की आप्पा उठून बाहेर जायचे, "म्हातारा दिसतो त्यात" म्हणून. वय वर्षं ७२. तेवढ्यात दाजी अमेरिकेहून आले ते ॲपलचे इअरबड्स, एअरपॉड्स प्रो २, घेऊन, आणि हे मात्र आप्पांनी दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर घालून मिरवायला सुरुवात केली.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याने, या बड्सच्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, १८ वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. भारतात ते तेव्हा चालू नव्हतं, तर बेंगळुरूच्या काही पोरांनी आपल्या आज्यांसाठी ॲल्युमिनियम फॉइल लावून बाहेरचे सिग्नल अडवणारा पिंजरा बनवला आणि बड्स जोडलेल्या उपकरणाला आपण अमेरिकेत आहोत असं भासवलं, तेव्हा बातम्या आल्या होत्या त्याच्या. आम्ही एवढं काही केलं नाही. आयफोनमध्ये हेडफोन अकॉमोडेशन्स म्हणून जुनी सोय आहे, २०२० पासूनची, त्यात स्वतःचा ऑडिओग्राम, म्हणजे ऑडिओमेट्रीचा तक्ता, घालता येतो आणि जिथे कमी येतं तिथे आवाज वाढवून भरपाई होते. घालायचे एअरपॉड्स प्रो असतील तर तीच भरपाई ट्रान्सपरन्सी मोडमध्ये, म्हणजे बड्स बाहेरचा आवाज माईकने घेऊन कानात सोडतात त्या मोडमध्ये, बाहेरच्या आवाजालाही लागते. आमचं सगळं त्यावरच चाललंय.

तर पहिली चूक इथेच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ अँड व्हिज्युअल, त्यात हेडफोन अकॉमोडेशन्स, ते चालू केलं, ऑडिओग्राम निवडला, आणि मी खूश. पण खाली "ट्रान्सपरन्सी मोड" म्हणून वेगळी ओळ आहे, तिच्या आत जाऊन कस्टम ट्रान्सपरन्सी वेगळी चालू करावी लागते. ती केली नाही तर भरपाई फक्त फोनवरच्या गाण्यांना आणि कॉलला लागते, समोर बसलेल्या माणसाला नाही. आमच्याकडे पहिले आठ दिवस आप्पांना युट्यूबवरचं कीर्तन स्वच्छ आणि आईचं बोलणं मात्र पूर्वीसारखंच. आईला वाटलं मुद्दाम करतात.

आता वहीत काय निघालं ते तक्रारीच्या शब्दांप्रमाणे.

"कानात कापूस घातल्यागत होतंय"

ही आमची सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार आणि हीच खरी त्या "दर तिसऱ्या दिवशी"ची गोष्ट. बड्सच्या दांडीला दाबून धरलं की मोड बदलतो, ट्रान्सपरन्सीवरून नॉइज कॅन्सलेशनवर. आता आप्पांना सवय काय, तर बड सैल वाटला की दांडी चिमटीत धरून आत ढकलायची, तपकीर ओढल्यासारखी अगदी. दोन सेकंद चिमूट राहिली की टुंग असा आवाज येतो, मोड बदलला. आता नॉइज कॅन्सलेशन म्हणजे काय, तर बाहेरचं सगळं बंद. ज्याला आधीच कमी येतं त्याच्या कानात तुम्ही बूच मारून वर बाहेरचा आवाज मारताय, म्हणजे बड्स नसते तर बरं, अशी अवस्था. आणि आप्पांना ते कळणार कसं, त्यांना वाटतं मशीन बंद पडलं.

तपासायचं अगदी सोपं. फोनवर कंट्रोल सेंटर ओढा, आवाजाची पट्टी दाबून धरा, खाली कुठला मोड चालू आहे ते दिसतं. ट्रान्सपरन्सी नसेल तर हाच आजार.

कायमचा उपाय : बड्स घातलेले असताना सेटिंग्जमध्ये वरती त्यांचं नाव दिसतं, त्यात "प्रेस अँड होल्ड", तिथे डाव्या आणि उजव्या दोन्हींना नॉइज कंट्रोलऐवजी सिरी, म्हणजे आयफोनमधली बोलणारी मदतनीस, द्या. मग चुकून दाबलं तर फार तर सिरी बोलेल, मोड बदलणार नाही. एकदाच नुसतं दाबलं गेलं तर शेवटचं लावलेलं गाणं सुरू होतं, त्याला इलाज आप्पांनीच शोधला, फोनवर शेवटी कायम हरिपाठ लावून ठेवतात, चुकून लागला तरी पुण्यच.

आणि आता माझा गाढवपणा ऐका. हे सिरीचं सेटिंग मी पहिल्या महिन्यातच केलं होतं! कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. पण पुढच्या वेळी दुसऱ्याच कारणाने आवाज गेला तेव्हा मी सवयीने रीसेट मारला, आणि रीसेटने ते सेटिंग परत मूळपदावर. म्हणजे मी जो उपाय करत होतो त्यातूनच दोन-तीन दिवसांनी पुढचा बिघाड तयार होत होता. हे वहीत "रीसेट केला" आणि त्याच्या खाली दोन दिवसांनी "कापूस" असं तीनदा दिसलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा रीसेट हा सगळ्यात शेवटचा उपाय ठेवा, आणि केलाच तर सगळी सेटिंग्ज परत एकदा लावायची आहेत हे धरूनच करा.

याच प्रकारात अजून एक. आप्पांचा फोन म्हणजे माझा जुना आयफोन, त्यावर ॲपल आयडी माझाच. त्यामुळे मी घरात माझ्या फोनवर व्हिडिओ लावला की बड्स आपोआप माझ्याकडे उडी मारायचे आणि आप्पांच्या कानात अचानक क्रिकेटची कॉमेंट्री. ते घाबरून बड काढायचे. माझ्या फोनवर बड्सच्या सेटिंगमध्ये "कनेक्ट टू धिस आयफोन" आहे, तिथे ऑटोमॅटिकली काढून "व्हेन लास्ट कनेक्टेड" केलं, उड्या बंद. घरात पोरांचा आयपॅड त्याच आयडीवर असेल तर तिथेही करा.

"एकाच कानातनं येतंय"

सोमवार. वहीत ही तक्रार चारपैकी तीनदा सोमवारी सकाळी. मला काही टोटल लागेना, मग आईने सहज सांगितलं, रविवारी अंघोळीआधी डोक्याला तेल आणि दोन दोन थेंब कोमट करून कानात. झालं! तेल आणि मळ मिळून बडच्या तोंडावरच्या जाळीवर असा थर बसतो की आवाज बाहेर पडायला वाटच नाही. आधी वरच्या पट्टीतला आवाज मरतो, म्हणजे आप्पांना नेमका जो हवा तोच.

तपासायला डावा-उजवा बड उजेडात धरून जाळी बघा. दोन्ही सारख्या राखाडी दिसल्या पाहिजेत, एक चमकत असेल किंवा पिवळट असेल तर तोच गुन्हेगार. रोज रात्री डबीत ठेवण्याआधी कोरड्या मऊ कापडाने पुसायचं. रबरी टोप्या काढून नुसत्या पाण्याने धुवायच्या, साबण नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवायच्या नाहीत. जाळी जास्तच बुजली असेल तर लहान मुलांचा मऊ टूथब्रश आणि मायसेलर वॉटर, ते मेकअप काढायला मिळतं ते, त्यात ब्रश बुडवून जाळी हलक्या हाताने गोल गोल घासायची, टिपून घ्यायची, मग डिस्टिल्ड वॉटरने तसंच, आणि मग निदान दोन तास वाळू द्यायचं. सुई, टाचणी, सेफ्टी पिन बिलकुल नको. आमच्या आप्पांनी एकदा आगपेटीची काडी घातली होती, नशिबाने जाळी वाचली.

कानात तेल घालणं मात्र बंद करायला लागलं. यावरून घरात थोडं वाजलं, कारण आप्पांच्या मते लहानपणापासून तेल घातलं म्हणूनच एवढं तरी ऐकू येतंय. डॉक्टरांकडून वदवून घेतलं तेव्हा ऐकले. दुसरं म्हणजे दिवसभर कानात टोपी असली की मळ बाहेर यायच्या ऐवजी आत ढकलला जातो, त्यामुळे बड स्वच्छ असूनही ऐकू येत नसेल तर कान तपासून घ्या. मळाचा खडा निघाला की अर्धी तक्रार तिथेच संपते. घरी कान कोरू नका एवढं समजतंच.

जाळी स्वच्छ, कान स्वच्छ आणि तरी एक बाजू कमी वाटत असेल तर दोन गोष्टी. बॅलन्सची पट्टी एका बाजूला सरकलीय का ते बघा. आणि ऑडिओग्राम भरताना डावा-उजवा उलटा झालाय का ते बघा. हसू नका, मी केलंय हे. कागदावर लाल गोल म्हणजे उजवा आणि निळी फुली म्हणजे डावा, आणि मी कागद समोर धरून डावीकडे काय लिहिलंय ते डावा म्हणून भरलं. परिणाम असा की चांगल्या उजव्या कानात कर्कश आणि खराब डाव्या कानात मिळमिळीत. आप्पा दीड महिना "उजवीकडं टोचतंय" म्हणत होते आणि मी त्यांना टोपीचा साइज बदलून देत होतो.

"शिट्टी वाजतीय"

याला फार लिहायची गरज नाही. आतला वाढवलेला आवाज फटीतून बाहेर येतो, माईकमध्ये परत जातो, परत वाढतो, मग कुईं. कार्यक्रमात माईक स्पीकरसमोर नेला की होतं तेच. टोपी लहान पडतेय. वरचा साइज लावा, बड्सच्या सेटिंगमध्ये फिट टेस्ट आहे ती करा, आणि दोन कानांना दोन वेगळे साइज लागू शकतात, आमच्या आप्पांना उजव्याला मीडियम आणि डाव्याला लार्ज. थंडीत कानटोपी किंवा मफलर गुंडाळला की वाजणारच, तेव्हा बड्स काढून ठेवा. हेल्मेटच्या आत पण तेच, आणि गाडीवर वाऱ्याचा खरखराट वेगळा. सगळं करूनही वाजत असेल तर आवाज गरजेपेक्षा जास्त वाढवलाय.

"आवाज येतोय रे, पर काय म्हनत्यात ते कळत न्हाई"

ही तक्रार सगळ्यात अवघड आणि खरं सांगायचं तर पूर्ण सुटलेली नाही, पण बरीच सुटली.

मराठी शब्दात स्वर जाड असतात, खालच्या पट्टीत, जोरदार. अ, आ, ओ हे आप्पांना बड्सशिवायही ऐकू येतात. पण स, श, च, त, क, ख, फ ही व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीत, आणि शब्द ओळखायचा तो त्यांच्यावरूनच. "चहा", "सहा" आणि "दहा" हे तिन्ही आप्पांना नुसतं "-हा" ऐकू येतं. आई विचारते चहा घेणार का आणि हे घड्याळाकडे बघतात. आता तुम्ही नुसता आवाज वाढवला तर "आ" आणखी मोठा होतो आणि "च" होता तिथेच, त्याच्याखाली दबलेला. म्हणून ॲम्प्लिफिकेशनची पट्टी शेवटपर्यंत नेणं हा उपाय नाही. मी सुरुवातीला तेच केलं होतं, आप्पा म्हणाले भांडी डोक्यात पडल्यागत वाटतंय.

त्यात भर म्हणजे मागाने खराब झालेल्या कानाची एक खोड असते, हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि थोडं जोरात बोललं की लगेच दुखतं. "काय?" "काय?" करतात आणि तिसऱ्यांदा मोठ्याने सांगितलं की "वरडतोस कशाला!" हा स्वभाव नाही हो, कानातल्या पेशी गेल्या की ऐकू येणं आणि सहन न होणं यातली जागाच अरुंद होते. श्रवणयंत्रवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे की जेवढं नुकसान त्याच्या साधारण अर्धीच वाढ द्यायची. म्हणजे ५५ गेलेत म्हणून ५५ द्यायचे नाहीत.

आमच्याकडे जमलं ते असं. ॲम्प्लिफिकेशन मधल्या ठिकाणाहून सुरू केलं आणि चार-पाच दिवसांनी एक बारीकशी चाल पुढे, रोज नाही. टोन ब्रायटर बाजूला थोडा. पहिल्या आठवड्यात घरातच, दिवसाला तास-दीड तास, कारण इतक्या वर्षांनी पेपरची सळसळ, स्टीलचा डबा, पंख्याचा आवाज असं सगळं एकदम परत आलं की माणूस वैतागतो. मेंदूला परत सवय व्हायला काही आठवडे लागतात. आप्पा तिसऱ्या आठवड्यात म्हणाले की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी फुसफुस होते हे विसरलोच होतो.

कन्व्हर्सेशन बूस्ट नावाचं बटण आहे, ते समोरच्या माणसाचा आवाज पुढे आणतं. एकाशी समोरासमोर बोलताना उत्तम. पण चौघं जेवायला बसली की बंद करा, कारण आप्पा ताटाकडे बघत असतात आणि बाजूचा बोलणारा मागे पडतो. हे बटण चालू राहिल्यामुळे "सगळ्यांचं ऐकू येतं पर सूनबाईचं येत न्हाई" अशी एक नोंद वहीत आहे, त्यावरून घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

लग्नाचा हॉल, वाढदिवस, चौकातला कट्टा, इथे बड्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं महागड्या श्रवणयंत्रांनाही जड जातं. तिथे बसायची जागा जास्त उपयोगी, पाठ भिंतीला, तोंड माणसांकडे, स्पीकर आणि पंखा मागे. आणि आपण बोलताना आधी हाक मारायची, ते बघतील मग बोलायचं, तोंड दिसलं पाहिजे. शब्द नाही कळला तर तोच परत ओरडण्यापेक्षा वेगळ्या शब्दात सांगायचं, "सहा वाजता" नाही कळलं तर "संध्याकाळी, दिवेलागणीला". अगदीच नाही तर फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब, अँड्रॉइडवर फुकट आहे, मराठी चालतं, बोललेलं मोठ्या अक्षरात दिसतं. बँकेत आम्ही तेच करतो.

"दोनदा दोनदा येतंय"

ही तक्रार आमची नाही, शेजारच्या काकांची, पण बऱ्याच जणांची असणार. त्यांनी हजार-बाराशेचे साधे बड्स घेतले आणि फोनवर माईकचा आवाज कानात आणणारं एक ॲप टाकलं. यात आवाज आधी फोनच्या माईकमध्ये, मग ब्लूटूथवरून कानात, आणि या प्रवासात तो मागे पडतो. समोरच्याचे ओठ आधी हलतात, आवाज मग येतो, आणि टोपी सैल असेल तर मूळ आवाज पण ऐकू येतो, म्हणजे दोनदा. एअरपॉड्सच्या ट्रान्सपरन्सीत हे जाणवत नाही कारण आवाज बडच्या आतच घेतला आणि आतच वाढवला जातो, फोनपर्यंत जातच नाही. पण त्याच एअरपॉड्सवर लाइव्ह लिसन लावलंत तर तिथे फोनचाच माईक, म्हणजे तीच उशिराची भानगड. लाइव्ह लिसन वाईट नाही, प्रवचनाला फोन पुढे बुवांजवळ ठेवून आप्पा मागे बसतात, लांबून ओठ कुठे दिसतायत. फक्त घरात समोरासमोर बोलायला ते नको. आमच्याकडे एकदा प्रवचनानंतर चालूच राहिलं होतं आणि फोन स्वयंपाकघरात.

काकांच्या बड्समध्ये अजून एक खोच होती. ॲपने फोनचा माईक न घेता बड्सचा माईक घेतला तर ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं, आणि जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. म्हणजे स आणि श चा मोठा भाग गायबच. ॲपमध्ये माईक फोनचा निवडा, फोन समोरच्याजवळ ठेवा, वायरचे इअरफोन असतील तर ते लावा कारण वायरला हा उशीर नाही. अँड्रॉइडवर गूगलचं साउंड ॲम्प्लिफायर आहे, त्यात वायरवाले लावून काकांचं टीव्हीपुरतं काम भागलं. अंबानींच्या लग्नाची गोष्ट असल्यासारखे ते सगळ्यांना सांगत फिरतात की मी दीडशे रुपयात केलं.

"माझाच आवाज घुमतोय"

कान दोन्हीकडून बंद केला की आपलं बोलणं, चावणं हाडातून आत येतं आणि बाहेर पडत नाही. ज्यांचं खालच्या पट्टीतलं ऐकणं अजून चांगलं आहे त्यांना हे जास्त बोचतं, आणि आप्पांचं तसंच आहे. टोपीचा साइज आणि बसवायचा कोन बदलून थोडं कमी होतं, जेवताना हल्ली आप्पा सरळ काढून ठेवतात. खऱ्या श्रवणयंत्रात अशा लोकांना भोकं असलेली उघडी टोपी देतात, ते बड्समध्ये शक्य नाही.

"दुपारनंतर बंद"

बॅटरी. प्रो २ ला या कामात कंपनीच सहा तास म्हणते, नव्या प्रो ३ ला दहा. श्रवणयंत्र एका चार्जिंगवर पूर्ण दिवस जातं, हा फरक आहे तो आहे. दुपारच्या झोपेला डबीत, उठल्यावर कानात, असा आमचा नियम. दोन्ही एकदम उतरू नयेत म्हणून आप्पा जेवणाच्या वेळी एकच डबीत टाकायचे, पण मग ते "एकाच कानातनं येतंय" वहीत यायला लागलं, म्हणून बंद केलं.

आता बड्स सोडून डॉक्टरांकडे कधी पळायचं. एका कानाचं ऐकणं अचानक, रात्रीत किंवा दोन-तीन दिवसात गेलं तर चार्जिंग, जाळी काहीही बघत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा, कारण त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होतो. कानातून पाणी किंवा पू, चक्कर, एकाच कानात सतत गुणगुण, तरी तेच. आणि ऑडिओग्रामचे आकडे ६०-७० च्या पुढे असतील तर बड्सवर पैसे घालू नका, तेवढी ताकद त्यांच्यात नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे तपासणी आणि यंत्र दोन्ही होतं. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्न वगैरे अटी बसत असतील तर श्रवणयंत्र मिळतं, आणि आपल्याकडच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साधनं घ्यायला एकदा ३००० रुपये खात्यात येतात, त्यातही उत्पन्नाची अट आहे.

आप्पांचा डावा कान परवाच्या तपासणीत ४००० ला ७५ निघाला. उजवा तसाच. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या की डाव्याला आता यंत्र लावून बघा, आठ दिवस ट्रायलला देते. आप्पांनी विचारलं, "ह्याच्यावर हरिपाठ लागतो का?" ब्लूटूथचं आहे, लागतो म्हणाल्या. घेऊन आलोय. वही नवीन काढलीय, पहिल्या पानावर पहिली नोंद आजचीच, "डाव्या कानात कायतरी खुडबुडतंय", आणि ते आप्पांचंच बोट निघालं.